लुगड्याचा रंग

“मग आईचा फोटो तुम्हीच काढाल ना, उस्ताद?”

दस्तगीर उस्ताद पुढे चालत राहिले.

फाल्गुन संपत आला होता. धरणाच्या फुगवट्याचे पाणी मागे सरकले होते आणि जिथून ते सरकले तिथे मऊ, ओल्या गाळाची पट्टी उघडी पडली होती. काठावरच्या करंजांना नवी पालवी फुटली होती. पलीकडे माळावर एकटाच पळस फुलला होता. सूर्य अजून टेकडीच्या मागेच होता.

“उस्ताद, मी काहीतरी विचारलं.”

“ऐकलं की. पाखरं दावायला आनलंस ना मला? आधी पाखरं दाव.”

समाधानने खांद्यावरचा कॅमेरा सावरला. कॅमेऱ्यापेक्षा त्याची लेन्सच मोठी होती, तान्ह्या मुलाला घ्यावे तशी ती दोन्ही हातांनी उचलावी लागे.

हा समाधान म्हणजे पुण्यातला नावाजलेला पक्ष्यांचा फोटोग्राफर. त्याचे फोटो कॅलेंडरवर छापतात, त्याची प्रदर्शने भरतात, त्याला बक्षिसे मिळतात. आणि कॅमेरा हातात कसा धरायचा हे त्याला ज्यांनी शिकवले ते हे दस्तगीर उस्ताद. तालुक्याच्या गावात बाजारपेठेत त्यांचा फोटोचा गाळा होता. लग्न, बारसे, शाळेचा गट, नव्या ट्रॅक्टरवर बसलेला मालक, सगळे फोटो त्यांनी काढले. मयताचेही काढले. पूर्वी कितीतरी घरांत म्हाताऱ्या माणसाचा एकसुद्धा फोटो नसे. माणूस गेला की मग आठवण होई आणि कोणीतरी सायकल घेऊन उस्तादांकडे पळे.

समाधान शिमग्याला म्हणून घरी आला होता आणि राहिला होता. आईचा आजार आता औषधाला दाद देत नव्हता.

तो आला त्याच दिवशी आई म्हणाली होती, “माझा भिंतीवरचा फोटो काढ रे बाबा. ह्यांच्या शेजारी लावायला.”

भिंतीवरचा फोटो म्हणजे काय, हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. त्याला हार घालतात.

त्यासाठी तिने ट्रंकेतले एक इरकली लुगडे काढून, घडी नीट करून, माजघरातल्या खुर्चीवर ठेवले होते. समाधान “उद्या काढू” म्हणाला. दुसऱ्या दिवशीही “उद्या” म्हणाला. आणि रोज पहाटे कॅमेरा घेऊन धरणावर येत राहिला.

आज त्याने उस्तादांना सोबत आणले होते. पाखरे दाखवायला, असे तो म्हणाला होता.

“त्ये बघ,” उस्ताद थांबले. “लाल पायाचं. काय डौल हाय!”

“शेकाट्या. पण पाय लाल नाहीत, उस्ताद. गुलाबी आहेत. लांबून लाल वाटतात.”

“असं का.”

“आणि ते गाळावर पळतंय ना, भिंगरीसारखं? चिखल्या. त्याच्या डोळ्याभोवती पिवळं कडं असतं. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.”

“तुला दिसतंय?”

“मला पाठ आहे.” समाधान हसला. “शेकाट्याची मादी पाठीवर थोडी तपकिरी असते. मी आवाजावरून सांगतो कोण आहे ते, बघावं पण लागत नाही.”

“मोठा झालास,” उस्ताद म्हणाले.

समाधानला ते कौतुक वाटले. उस्तादांना ते तसेच म्हणायचे होते की नाही, सांगता येत नाही.

एक टिटवी त्यांच्या डोक्यावरून ओरडत गेली, जणू धरण तिच्याच नावावर होते.

“आज काय काढनार?”

“पट्टकादंब. रानटी हंसच म्हणा. हिमालयाच्या पलीकडून येतात, रात्री शेतात चरतात, दिवस उगवायला पाण्याकाठी येऊन बसतात. मला ते उडताना हवेत, सगळा थवा एकदम. मागून ऊन आलं पाहिजे.”

“आजच काढायचा?”

“आता ते परतीला लागतील. आज आहेत, उद्या नसतील. एकदा गेले की गेले.”

“मंग आजच काढाय पायजे.”

“तेच तर.”

उस्तादांनी मान हलवली. समाधान लेन्सचे टोपण काढत होता. आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानातही आले नाही.

“लई येळ बसाय लागत असंल?”

“हे कामच सबुरीचं आहे. सकाळची दुपार होते, मी हलत नाही. एकदा खंड्यासाठी इतका बसलो की पायाला मुंग्या यायच्यासुद्धा थांबल्या.”

“मंग?”

“त्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं.”

“आनि पायाचं?”

समाधानला हसू आले. त्याच हसण्यात त्याने पुन्हा विषय काढला.

“काढाल ना, उस्ताद? आईला तुमचा हात माहिती आहे. बाबांचाही तुम्हीच काढला होता.”

“तू का न्हाई काढत?”

“घरात उजेड बरोबर नाही.”

“म्होरल्या खोलीला उगवतीची खिडकी हाय. तुज्या बापाला तितंच बसवलं हुतं म्या.”

“...आणि या लेन्सनं जवळचं निघत नाही. आईला हिच्यात घ्यायचं म्हटलं तर मला पार अंगणात जाऊन उभं राहावं लागेल.”

“दुसरी लेन?” उस्ताद आयुष्यभर ‘लेन’च म्हणत आले होते.

“पुण्यात राहिली.”

“म्हंजे आईकडं येताना लांबचं तेवढं दिसनारं घिऊन आलास.”

समाधानने बोट ओठांवर ठेवले आणि पुढे दाखवले.

थवा तिथे होता.

गाळाची पट्टी पाण्यात घुसत गेली होती, तिच्या टोकाशी ते बसले होते. राखाडी अंगाचे, पांढऱ्या डोक्याचे, डोक्याच्या मागे दोन काळे पट्टे. काही मान पंखांत घालून झोपले होते. काही उभे होते, चहूकडे बघत.

समाधान पालथा पडला. अंगावर हिरवट जाळीचे कापड ओढून घेतले आणि कोपरांवर सरकत सरकत पुढे गेला. उस्ताद मागे एका दगडावर बसले. त्यांनी पांढरा सदरा घातला होता. जाळी समाधानने त्यांनाही देऊ केली होती. ते म्हणाले होते, “मला कशाला? मी काय चोर हाय?”

वेळ गेला.

टेकडीच्या कडेला उजेड आला. मग पाण्यावर आला. मग हंसांच्या पाठींवर आला आणि एकेका पिसाची कड चमकू लागली. समाधानने श्वास आत घेतला. बोट बटणावर टेकवले. थव्यातल्या पुढच्या पक्ष्याने मान उंचावली होती. आता तो उडणार, त्याच्यामागे बाकीचे... अजून ऊन बोटभर वर यायला हवे. अजून जरासे...

“समाधान,” मागून उस्ताद मोठ्याने म्हणाले, अगदी बाजारात हाक मारावी तसे. “वहिनींनी खुर्चीवर लुगडं काढून ठिवलंय, त्येचा रंग कुठला रं?”

थवा उठला.

सगळा एकदम उठला, पण ऊन अजून बरोबर नव्हते, आणि दचकलेल्या समाधानची लेन्स भलतीकडेच आभाळाकडे वळली होती. पंखांचा आवाज डोक्यावरून गेला. कॅमेऱ्यात काहीच आले नाही.

समाधानने जाळी भिरकावली. छातीपासून गुडघ्यापर्यंत तो चिखलाने माखला होता.

“उस्ताद! काय केलंत हे?”

“इचारलं.”

“आत्ता? आत्ता विचारायचं होतं? कधीचा पडलोय मी इथं! तुम्ही स्वतः फोटोग्राफर आहात. तुम्हाला कळायला नको?”

“कळतंय की.”

“मग?”

“रंग कुठला?”

“कशाचा रंग?”

“लुगड्याचा. रोज त्या खुर्चीवरनं जातूस तू. जाताना एकदा, येताना एकदा.”

समाधानने तोंड उघडले.

आणि तसेच राहिले.

त्याला खुर्ची आठवत होती. खुर्चीचा मोडका हात आठवत होता. त्यावर घडी होती, हेही आठवत होते. हिरवे असावे. नाही, हिरवे तिचे रोजचे. काळ्या चंद्रकळेसारखे काही? की डाळिंबी? काठ तर...

“हिरवं,” तो म्हणाला. मग म्हणाला, “नाही.”

उस्ताद वाट बघत राहिले.

“तुम्हाला माहिती आहे?”

“हाय.”

“सांगा ना मग.”

“न्हाई सांगनार.”

पाण्यावर हंस लांब गोल घेत होते. त्यांची ओरड येत होती, अंगणात भांडणाऱ्या बायकांसारखी, पण फार दुरून.

उस्तादांनी दगडावर बाजूला सरकून जागा केली. समाधान बसला नाही.

“एकदा एका वाडीवर गेलतो,” उस्ताद म्हणाले. “म्हातारा गेलेला. पोरगा परगावी नोकरीला, धावत आलेला. म्हनला, उस्ताद, बाबांचा एक बी फोटो न्हाई, असा काढा की डोळे उघडे दिसत्याल. तवा तसंच करायचो आमी. भिताडाला टेकवून बसवायचं, फोटो काढायचा आनि दुकानात आनून बारीक ब्रशनं डोळे काढायचे.”

“माहिती आहे मला. मी बघितलंय तुम्हाला काढताना.”

“मी ब्रश घेतला आनि थांबलो. म्हनलं, डोळे घारे का काळे? पोराला बोलावून घेतलं. त्यो दारात हुबा राहिला. बोलंना. म्हनला, आईला इचारून सांगतो.”

“मग?”

“आई म्हनाली, म्या कधी त्यांच्या तोंडाकडं बघून बोलले न्हाई.”

समाधान आता दगडावर बसला.

“मंग काय करनार? काळे केले. अजून त्या भिताडावर हाय. हार घालत्यात. पाया पडत्यात. डोळे कुनाचे, मला ठावं न्हाई.”

“मला आईचे डोळे माहिती आहेत,” समाधान जरा तोऱ्यातच म्हणाला.

“व्हय. पर आत्ताचे?”

समाधानने लेन्स मांडीवर घेतली.

तिच्यावरचा चिखल तो शर्टाने पुसू लागला. पुसता पुसता त्याचा हात थांबला. तो बोलू लागला, पण पाण्याकडेच बघत.

“तिच्याकडे बघवत नाही, उस्ताद. किती वाळलीय ती. मी दारातूनच विचारतो, गोळ्या घेतल्यास का. जेवताना खाली ताटात बघतो. ती बोलत असते. मी हं हं करतो. ती म्हणते, उजेड झाला की काढू या का रे? आणि मी इकडं पळून येतो.”

“हं...”

“मी फोटो काढला की ती म्हणेल, झालं. आता कशात काही राहिलं नाही, मोकळी झाले. ती वाटच बघतेय त्याची. काम तेवढं एकच राहिलंय तिचं. मी ते केलं की...”

चाळिशीला आलेला, चिखलाने माखलेला तो माणूस मांडीवर लेन्स घेऊन रडायला लागला. आवाज न करता, लहानपणी मार खाल्ल्यावर रडायचा तसा.

उस्तादांनी त्याला रडू दिले.

एवढ्यात आभाळातला गोल खाली येऊ लागला. हंसांनी एक फेरी घेतली, दुसरी घेतली आणि पाय पुढे करून, पाणी उडवत, ते पुन्हा त्याच गाळाच्या टोकाशी उतरू लागले. ऊन आता त्यांच्या मागे होते. पंखांतून ते आरपार येत होते.

उस्तादांनी खिशातून रुमाल काढला आणि पुढे केला.

“टिप.”

समाधानने कॅमेरा उचलला. सवयच ती. डोळ्याला लावला आणि त्याला काहीच दिसेना, नुसता पाण्यात विरघळलेला उजेड.

“दिसत नाही, उस्ताद...”

“आरं, डोळे टिप म्हनतोय मी.”

समाधानने कॅमेरा खाली घेतला. रुमालाकडे पाहिले. आणि रडता रडता त्याला हसू फुटले, उस्तादांनाही फुटले. दोघे त्या दगडावर बसून हसले आणि हंसांनी या वेळी नुसत्या माना वर केल्या.

त्याने डोळे टिपले. रुमालाला हायपोचा, फोटो धुण्याच्या त्या औषधाचा, जुन्या अंधाऱ्या खोलीचा वास येत होता. की त्याला तसे वाटले.

“मी काल गेलतो वहिनींकडं,” उस्ताद म्हणाले. “तू मलाच काढाय सांगनार, हे मला आधीच कळलं हुतं. म्हनलं, वहिनी, बसा खिडकीत, म्या काढतो. म्हनल्या, नगं भाऊ. त्यालाच काढू द्या.”

“का?”

“मी बी इचारलं, का. म्हनल्या, तेवढ्यापायी तरी समोर बसंल.”

समाधानने रुमालाची घडी केली.

थवा पाण्याकाठी चोची घासत होता. ऊन नेमके हवे तसे होते. असा उजेड त्याला या काठावर पुन्हा मिळाला नसता आणि हे त्याला पुरते ठाऊक होते. त्याने लेन्सला टोपण लावले.

“काढ की. परत आलीत,” उस्ताद म्हणाले.

“नको. आत्ता निघालो तर खिडकीतलं ऊन सापडेल.” तो उठला. मग थबकला. “पण कशानं काढू? हिच्यानं तर...”

“जाताना दुकानात जा. सून असंल तितं, नसीमा, तिला सांग, देती ती. माजा जुना कॅमेरा हाय. रोल कालच घातलाय त्येच्यात.”

“कालच?”

“कालच.”

“रोलवर लगेच दिसत नाही, उस्ताद, कसा आलाय ते.”

“न्हाई दिसत.”

“आणि आता धुणार कोण?”

“मी हाय न्हवं. मोरीच्या खिडकीला घोंगडं लावलं की व्हतोय अंधार. नसीमा बोंबलती, बोंबलू दे.”

“आई लगेच विचारेल, बघू, बघू म्हणून. हल्ली सगळ्यांना लगेच दिसतो ना.”

“थांबावं लागंल म्हनावं. तिला बी, तुला बी.”

समाधानने जाळीचे कापड गोळा केले, झटकले, पुन्हा गोळा केले. घड्या नीट पडत नव्हत्या.

“बसवू कसं तिला?”

हा प्रश्न त्याने पूर्वी, मिसरूड फुटत होते तेव्हा, कितीदा विचारला होता. उस्तादांनी तेव्हाच्याच आवाजात सांगितले.

“लांबनं न्हाई काढायचा. गुडघ्याला गुडघा लागंल असा बस. पदर तुज्या हातानं नीट कर. कपाळावर केस आलं तर तूच मागं सार. हसा म्हनू नगं. हालू नगा म्हनू नगं. काय बोलायचंय ती बोलंल, तू ऐक. मदीच कवातरी बटन दाब.”

“हूं.”

“आनि हूं हूं करू नगं. बोल.”

“बोलतो.”

समाधान निघाला. गाळातून चालताना त्याचे पाय रुतत होते आणि तो जाळी सावरत, ती मोठी लेन्स सावरत घाईने चालला होता. शेकाटे त्याच्या पुढ्यातून उडाले. त्याने वर पाहिले नाही.

करंजाच्या झाडापाशी तो थांबला आणि मागे वळला.

“उस्ताद... आजवर माझा हात कधी कापला नाही. आज कापेल.”

“कापू दे.”

“फोटो बिघडला तर?”

“बिघडला तर उद्या परत काढायचा.”

समाधानने मान हलवली. हे त्याला पटले. तो पुन्हा चालू लागला आणि बांधाच्या चढणीला लागला.

उस्ताद दगडावर एकटेच राहिले. त्यांनी हंसांकडे पाहिले. मग एकदम उठून, तोंडाभोवती हात धरून, त्यांनी जोरात हाक दिली. थवा पुन्हा उडाला तरी त्यांनी पर्वा केली नाही.

“समाधान...!”

चढणीवर तो थांबला.

“पयलाच चांगला आला ना... तरी बिघडला म्हनूनच सांगायचं!”